यांना न सांगता उशाशी यंत्र ठेवू का?

बडोद्याच्या कारेलीबागेतून एका ताईंचं पत्र आलं आहे. त्या ४९ वर्षांच्या, यजमान ५३ वर्षांचे. यजमान अंकलेश्वरला केमिकल कंपनीत आहेत आणि स्वतःच्या गाडीनं रोज अप-डाऊन करतात. गाडीत आणखी दोन सहकारी असतात. यजमान जोरात घोरतात. घोरणं मधेच बंद पडतं, श्वास ऐकू येत नाही आणि मग दचकल्यासारखा मोठा श्वास घेऊन पुन्हा सुरू होतं, असं ताई लिहितात. रक्तदाबाच्या दोन गोळ्या चालू असूनही तो आटोक्यात नाही. दुपारी पेपर हातात घेतला की डोळा लागतो. मागच्या महिन्यात घरी परतताना करजणजवळ डुलकी आली, गाडी दुभाजकाकडे गेली आणि शेजारच्या सहकाऱ्याच्या ओरडण्यामुळे निभावलं. डॉक्टरांचं नाव काढलं की एकच उत्तर मिळतं: "आमच्या घरात सगळेच घोरतात, बाबाही घोरायचे." ताईंचे सासरे साठीत, झोपेतच गेले. नातेवाईक अजून म्हणतात, किती पुण्यवान मरण.

ताई काही महिन्यांपासून हॉलमध्ये दिवाणावर झोपतात. तरी सकाळी डोकं जड असतं, दिवसभर गळून गेल्यासारखं वाटतं. "यांच्या घोरण्यानं माझ्याही झोपेची वाट लागली," असं त्या म्हणतात. पुण्यातला मुलगा म्हणतो, "मी एक छोटं यंत्र पाठवतो. अंगाला काहीच लावायचं नाही, उशाजवळच्या टेबलावर ठेवायचं. बाबांना कळणारही नाही, रिपोर्ट माझ्या फोनवर येईल." ताई विचारतात: असं न सांगता ठेवणं बरोबर आहे का? आणि रिपोर्ट चांगला आला तर मी निश्चिंत होऊ का?

ताई,

आधी करजणबद्दल बोलते. तुमच्या पत्रात ती गोष्ट दोन ओळींत उरकली आहे आणि बाकीचं पत्र यंत्राबद्दल आहे. मी मात्र वाचताना त्या दोन ओळींपाशीच अडले. यंत्र येणार, रिपोर्ट येणार, मग डॉक्टर, मग चाचणी. यात आठवडे जातील आणि तोवर तुमचे यजमान रोज हमरस्त्यावर गाडी चालवत राहतील. म्हणून चाचणी होऊन उपचार सुरू होईपर्यंत स्टिअरिंग दुसऱ्याच्या हाती द्या, एवढी एक गोष्ट आजच आग्रहानं मागा. सोबतच्या दोघांपैकी कुणी गाडी चालवू शकत असेल तर उत्तम, नाहीतर रेल्वे आहेच; बडोद्याहून अंकलेश्वरला कितीतरी लोक तिनंच जातात. खिडकी उघडणं, चहा घेणं, मोठ्यानं गाणी लावणं यानं थोडा वेळ तरतरी येते, पण झोपेची तूट भरून निघत नाही. ज्या सहकाऱ्यानं त्या दिवशी आरडाओरडा केला, त्याच्याशी यजमानांना सांगून जरूर बोला. त्यानं ते डोळ्यांनी पाहिलंय. बायकोचं म्हणणं काळजीपोटी आलेलं म्हणून बाजूला ठेवलं जातं, सहकाऱ्याचं तसं ठेवता येत नाही.

आता यंत्राकडे येऊ. "आधी यंत्रानं कळू दे, मग डॉक्टरकडे जाऊ," असं तुम्ही आणि मुलानं ठरवलंय. हा क्रम मला पटत नाही. तुम्ही लिहिलेली लक्षणं झोपेत श्वास वारंवार अडण्याच्या आजाराची, स्लीप ॲप्नियाची, वाटतात. त्याची प्राथमिक तपासणी कशासाठी असते? या माणसाची पूर्ण चाचणी करायला हवी का, एवढंच ठरवण्यासाठी. तुमच्या यजमानांच्या बाबतीत ते उत्तर तुमच्या पत्रातच आहे.

जगभर डॉक्टर यासाठी आठ प्रश्नांची एक यादी वापरतात. 'स्टॉप-बँग' तिचं नाव. टोरांटोच्या भूलतज्ज्ञ डॉ. फ्रान्सिस चुंग यांच्या गटानं शस्त्रक्रियेआधी अशा रुग्णांना ओळखता यावं म्हणून ती तयार केली आणि २००८ मध्ये प्रसिद्ध केली. बंद दाराबाहेर ऐकू जाईल इतकं घोरता का? दिवसा थकवा किंवा झोप येते का? झोपेत श्वास थांबलेला कुणी पाहिलाय का? रक्तदाब आहे का? वजन उंचीच्या मानानं फार जास्त आहे का (बीएमआय ३५ च्या वर)? वय ५० च्या पुढे आहे का? मानेचा घेर ४० सेंटिमीटरपेक्षा जास्त आहे का? पुरुष आहात का? प्रत्येक 'हो'ला एक गुण. तीन-चार आले तर मध्यम धोका, पाच किंवा जास्त आले तर मोठा धोका. वजन आणि मान तुम्ही लिहिलेली नाही. ती दोन सोडून दिली तरी यजमानांचे सहा गुण होतात. टेप घेऊन मान मोजण्याचीही गरज उरली नाही. त्यांना थेट निदानाच्या चाचणीकडे न्यायला हवं.

यंत्राचा रिपोर्ट चांगला आला तर काय होईल, ते डोळ्यांसमोर आणा. यजमान म्हणतील, "बघ, मशीनच सांगतंय, काही नाही." मुलगा सुटकेचा श्वास टाकेल. तुम्हालाही विश्वास ठेवावासा वाटेल, कारण तुम्ही थकला आहात. वरचे सहा गुण मात्र जिथल्या तिथे राहतील आणि सोमवारी गाडी पुन्हा करजणवरून जाईल. या माणसाच्या बाबतीत 'सगळं ठीक'च्या रिपोर्टचीच मला जास्त भीती वाटते.

ही यंत्रं चुकतात कुठे, हे समजून घेतलं तर त्यांच्यावर किती विसंबायचं तेही कळेल. टेबलावरच्या यंत्रात बहुधा छोटं रडार असतं. ते अगदी कमी ताकदीच्या रेडिओ लहरी सोडतं, त्या छातीवर आपटून परत येतात आणि परतीच्या लहरींतल्या फरकावरून छातीची मिलिमीटरभर हालचालही कळते. गादीखाली सरकवायच्या पट्ट्या असतात, त्या श्वासाचा आणि हृदयाच्या ठोक्यांचा दाब टिपतात. काही ॲप फोनच्या मायक्रोफोननं घोरणं ऐकतात. वॉशिंग्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी तर २०१५ मध्ये फोनच्या स्पीकरमधून माणसाला ऐकू न येणारा आवाज सोडून, त्याच्या प्रतिध्वनीवरून श्वास मोजून दाखवला होता. हे सगळं खरं विज्ञान आहे. त्याला खेळणं समजू नये.

पण घोरणाऱ्या माणसाला होतो तो बहुतेक वेळा अडथळ्याचा स्लीप ॲप्निया. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात आणि मार्ग मिटतो, ओली झालेली कागदी स्ट्रॉ जोरात ओढली की मिटते तसा. त्या वेळी छाती आणि पोट हवा ओढायला धडपडतच असतात, फक्त हवा आत जात नाही. दहा सेकंद किंवा अधिक काळ हे चाललं की तो एक ॲप्निया. रडारला दिसते ती छातीची धडपड. नाकातून हवा गेली की नाही, हे ते मोजत नाही. हालचालीची लय बिघडली यावरून अंदाज बांधतं. रक्तातला ऑक्सिजन किती उतरला हेही ते मोजत नाही. आणि कोविडच्या वेळी घरोघरी घेतलेला बोटाचा ऑक्सिमीटर सकाळी लावून ९८ दिसले, म्हणून रात्र बरी गेली असं समजू नका. जागेपणी बहुतेकांचा ऑक्सिजन चांगलाच असतो, तो घसरतो झोपेत आणि मिनिटामिनिटाला वर-खाली होतो.

घरातल्या अडचणी वेगळ्याच. एका पलंगावर दोघं झोपले की श्वास कुणाचा, याचा गोंधळ होऊ शकतो. वर पंखा फिरत असतो, पडदा हलतो. गादीखालच्या पट्ट्यांना गादीच्या जाडीची अट असते, ती आपल्या कापसाच्या गादीला लागू पडेलच असं नाही. शिवाय माणूस नक्की किती तास झोपला, याचाही या यंत्रांना अंदाजच बांधावा लागतो आणि तासाला किती वेळा श्वास अडला हा आकडा त्याच अंदाजावर उभा असतो. तो आकडा फार महत्त्वाचा आहे. पाचच्या आत असेल तर सामान्य, ५ ते १५ सौम्य, १५ ते ३० मध्यम, ३० च्या वर तीव्र. अंदाज थोडा सरकला की माणूस एका खान्यातून दुसऱ्या खान्यात जातो.

बाजारात दोन जातीची यंत्रं एकाच शेल्फवर मांडलेली असतात. काही वैद्यकीय उपकरण म्हणून तपासून मान्यता मिळालेली असतात, बाकीची 'आरोग्यपूर्ण जीवनशैली'च्या नावाखाली विकली जातात. गूगलच्या नेस्ट हब या टेबलावर ठेवायच्या स्मार्ट स्क्रीनमध्ये २०२१ पासून रडार आहे. ते घोरणं, खोकला, श्वासाचा वेग दाखवतं, पण ॲप्नियाचं निदान करत नाही. मुलाला विचारा, त्याचं यंत्र नेमकं कशासाठी मान्य झालंय. भारतात वैद्यकीय उपकरणांसाठी २०१७ चे नियम आहेत आणि नोंदणी केंद्रीय औषध नियंत्रण संस्थेकडे होते. खोक्यावर किंवा माहितीपत्रकात तसा उल्लेख नसेल, तर रिपोर्टकडे कुतूहल म्हणून पाहा.

आता तुमचा पहिला प्रश्न. न सांगता ठेवू नका.

अंगाला काही लागत नाही, म्हणून मुलाला त्यात काही गैर वाटत नसावं. त्याचा हेतू चांगला आहे आणि लांब राहणाऱ्या मुलाला करता येण्यासारखं हेच दिसतंय. तरीही, एका मोठ्या माणसाचा रात्रभराचा श्वास, तो कधी झोपला, कधी उठला, हे सगळं त्याच्या नकळत मुलाच्या फोनवर आणि कंपनीच्या सर्व्हरवर जाणार. यजमान तुम्हाला न विचारता तुमच्याबाबत असं करते, तर तुम्हाला काय वाटलं असतं?

दुसरं कारण अगदी व्यवहाराचं. समजा, रिपोर्ट वाईट आला. तो त्यांना दाखवायचा तर कुठून आला हे सांगावंच लागेल आणि मग घरात श्वासाबद्दल कमी आणि चोरून मोजण्याबद्दल जास्त बोललं जाईल. या आजाराचा मुख्य उपचार कुणी चोरून देऊ शकत नाही. सीपॅप नावाचं यंत्र नाकावरच्या मास्कमधून थोड्या दाबानं हवा देतं आणि त्या दाबानं घसा उघडा राहतो. सिडनीच्या डॉ. कॉलिन सलिव्हन यांनी १९८१ मध्ये ते जगासमोर आणलं. ते उत्तम काम करतं, पण माणसानं रोज रात्री आपल्या हातानं चढवलं तरच. पुढे त्यांचं सहकार्य इतकं लागणार आहे, तर सुरुवातच त्यांना टाळून कशी करायची?

"ते ऐकतच नाहीत," असं तुम्ही तीनदा लिहिलंय. ते हट्टी आहेत हे तुम्ही गृहीत धरलंय. मला वाटतं, ते घाबरलेले असू शकतात. वडील झोपेत गेले आणि सगळ्यांनी त्याला पुण्य म्हटलं. 'बाबाही घोरायचे' हे वाक्य त्यांच्या तोंडी पुन्हा पुन्हा येतं, ते निव्वळ टाळाटाळ म्हणून येतं का? सासऱ्यांना नेमकं काय झालं, हे आज कुणीच सांगू शकत नाही आणि तुम्हीही त्या वाटेनं जाऊ नका. पण घराण्यात सगळे घोरतात याचा अर्थ ते निरुपद्रवी आहे असा होत नाही. जबड्याची ठेवण, घशाची रुंदी, वजनाचा कल हे घराण्यातूनच येतं. सगळेच घोरत असतील तर तपासायला ते एक जास्तीचं कारण झालं.

बोलायची वेळ नीट निवडा. ते डबा घेऊन निघताना नको, दिरांसमोर नको, रात्री घोरताना हलवून उठवून तर नकोच. सुट्टीच्या दिवशी दोघंच असताना बोला. 'तुम्हाला आजार आहे' अशी सुरुवात करू नका. तुम्ही काय ऐकता तेच सांगा: "तुमचा श्वास थांबतो तेव्हा मी दिवाणावर उठून बसते आणि परत सुरू होईपर्यंत कान देऊन असते." मग त्यांनाच विचारा, "एक रात्र फोनवर आवाज रेकॉर्ड करू का? तुम्ही स्वतः ऐका." हो म्हणाले तर करा. स्वतःचा श्वास बंद पडून पुन्हा सुरू होताना ऐकला की पुष्कळ माणसं आपणहून डॉक्टरकडे निघतात. तीच दोन-तीन मिनिटं डॉक्टरांनाही उपयोगी पडतात.

चाचणी म्हणजे इस्पितळात वायरींच्या जाळ्यात रात्र काढणं, असं त्यांच्या मनात असेल तर तेही दूर करा. ती पूर्ण चाचणी, पॉलिसोम्नोग्राफी, आहेच. पण ज्यांच्यात लक्षणं ठळक आहेत आणि हृदयाचे किंवा फुप्फुसाचे दुसरे गंभीर आजार नाहीत, अशा बऱ्याच लोकांची चाचणी घरच्या पलंगावर होते. नाकाशी बारीक नळी, छातीला पट्टा, बोटाला ऑक्सिजनचा चिमटा, बस. ही अंगाला लागते आणि म्हणूनच रडारला न कळणाऱ्या दोन गोष्टी, हवेचा प्रवाह आणि ऑक्सिजन, ती मोजते. तिची एक मर्यादा मात्र माहीत असू द्या. घरची चाचणी आजार कमी दाखवू शकते. ती 'ठीक' आली आणि लक्षणं अशी ठसठशीत असली, तर डॉक्टर पूर्ण चाचणी सांगतील आणि ती करून घ्यायची. सुरुवात छातीविकारतज्ज्ञ किंवा कान-नाक-घसा तज्ज्ञांपासून करा. खाजगीत परवडत नसेल तर सयाजी हॉस्पिटलच्या ओपीडीत दाखवा आणि झोपेची चाचणी कुठे होईल हे तिथेच विचारा.

आणि निदान झालं म्हणजे प्रत्येकाच्या नशिबी मास्कच, असं नाही. सौम्य आजारात वजन उतरवणं, कुशीवर झोपणं, दंतवैद्यानं बनवलेलं जबडा पुढे धरणारं साधन यांचाही उपयोग होतो. दारू आणि झोपेच्या गोळ्या घसा आणखी सैल करतात, त्या मात्र कुणीही मनानं घेऊ नयेत. यजमानांची लक्षणं पाहता त्यांचा आजार सौम्य निघेल असं मला वाटत नाही, पण ते चाचणीला ठरवू दे.

आता तुमच्याबद्दल. पत्रात तुम्ही स्वतःबद्दल फक्त एक ओळ लिहिली आहे आणि तिचा दोष घोरण्याला दिला आहे. पण तुम्ही काही महिने वेगळ्या खोलीत झोपताय. तरीही सकाळी डोकं जड आहे आणि दिवसभर गळून जायला होतंय. मग त्याचं कारण फक्त यजमानांचं घोरणं कसं असेल? दिल्लीच्या एम्समधल्या संशोधकांनी २०२३ मध्ये भारतातल्या अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला, तेव्हा सुमारे ११ टक्के प्रौढांत हा आजार दिसला; पुरुषांत १३ टक्के, बायकांत ५ टक्के. म्हणजे बायकांत तो कमी आहे, पण आहे. शिवाय पाळी जाण्याच्या सुमारास आणि त्यानंतर तो वाढतो. बायका बरेचदा मोठ्यानं घोरत नाहीत. थकवा, तुटक झोप, सकाळची डोकेदुखी एवढंच सांगतात आणि त्याला कामाचा शीण म्हटलं जातं. वरच्या आठ प्रश्नांत बाई असल्याचा आणि पन्नाशीच्या आत असल्याचा गुण मिळत नाही, त्यामुळे तुमचा आकडा लहानच येईल. शिवाय तुम्ही एकट्या झोपता. तुमचा श्वास थांबला तर पाहणारं कुणी नाही.

जवळ साक्षीदार नाही, लक्षणं अस्पष्ट आहेत, पलंगावर दुसरं कुणी नाही. अशा माणसासाठी अंगाला न लागणारं यंत्र खरोखर कामाचं आहे. एका रात्रीपेक्षा अनेक रात्री मोजता येतात आणि ॲप्निया रात्रीगणिक कमी-जास्त होतो, म्हणून त्याचा फायदाच होतो. वायरी काढून टाकणाऱ्या म्हाताऱ्या माणसांसाठी, एकट्या राहणाऱ्यांसाठी, उपचार सुरू झाल्यावर काय चाललंय याचा माग ठेवण्यासाठीही मी त्याची बाजू घेईन.

तेव्हा मुलाला कळवा, यंत्र पाठव, पण ते आईसाठी. दिवाणाशेजारी, सगळ्यांना दिसेल असं ठेवा. यजमान विचारतील, तेव्हा खरं ते सांगा. रिपोर्टमध्ये वारंवार श्वास अडल्याचं दिसलं तर तो डॉक्टरांना दाखवा. नाही दिसलं तरी थकवा तसाच असेल तर थायरॉईड आणि हिमोग्लोबिन तपासून घ्या. थायरॉईड मंदावलं तर थकवा येतोच आणि ॲप्नियाही वाढू शकतो.

डॉक्टरकडे जाताना यजमानांच्या गोळ्यांची नावं, आठवडाभराचे रक्तदाबाचे आकडे आणि ते रेकॉर्डिंग सोबत घ्या. करजणची गोष्ट डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगा, ती शेवटी राहून जाते. आणि केस पेपर दोघांचे एकदमच काढा.